उशाशी बसणारा माणूस

"बसू काय?"

हा प्रश्न ते आजारी माणसाला विचारायचे, घरच्यांना नाही. घरचे तोवर प्लॅस्टिकची खुर्ची पुसून पुढे करत, "बसा ना, बसा" म्हणत, आणि हे टोपी हातात घेऊन खाटेकडे बघत उभे. खाटेवरचा माणूस गोंधळून जाई. तुम्हीही पाहिलं असेल, माणूस एकदा अंथरुणाला लागला की त्याला कोणी काही विचारत नाही. खिडकी उघडी ठेवायची की लावायची, पेज द्यायची की चहा, भेटायला आलेल्याला आत घ्यायचं की बाहेरूनच पाठवायचं, सगळं दुसरेच ठरवतात. अशा माणसाला एक परका म्हातारा विचारतोय, बसू काय.

बहुतेक जण "बसा" म्हणत. देवरुखकडच्या एका वाडीतले आजोबा मात्र सरळ "नको" म्हणाले. घरच्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे म्हणाले, "बरं," आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. माझं काम संपेपर्यंत तिथंच. पुढच्या खेपेलाही विचारलं, पुन्हा "नको", पुन्हा पायरी. त्यानंतर गेलो तेव्हा आजोबांनी आतूनच ओरडून सांगितलं, "त्या टोपीवाल्याला आत घ्या रे, उन्हात बसून आपणच आजारी पडेल तो." त्या दिवशी दोघं भातबियाण्यावर इतकं बोलले की मला जखम धुवायला हात घालायला जागा मिळेना.

आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. त्यांचं नाव इथं सांगत नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

मी रत्नागिरीतल्या एका लहान दवाखान्यात नर्स आहे. आमची एक गाडी गावोगाव फिरते. ज्यांचं दुखणं आता बरं होणार नाही असं मोठ्या डॉक्टरांनी सांगून घरी पाठवलेलं असतं, त्यांच्याकडे आम्ही जातो. जखम धुणं, नळी बदलणं, वेदना कमी करायचं औषध देणं, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची ते घरच्यांना शिकवणं, अशी कामं. गाडीत ड्रायव्हर, मी आणि कधी कधी डॉक्टर मॅडम. नानांची बायको आजारी होती तेव्हा आम्ही संगमेश्वरच्या आतल्या अंगाला असलेल्या त्यांच्या घरी जात होतो. ती गेली. तिचं दिवसकार्य झाल्यावर एक दिवस नाना दवाखान्याच्या दारात उभे राहिले आणि मला म्हणाले, "शिष्टर, गाडीत एक जागा असते काय?"

"कुठं जायचंय तुम्हाला?"

"तुमी जाल तिथं."

मुंबईत एका कारखान्यात फिटर म्हणून नोकरी करून ते गावी परतले होते. मुलगा मुंबईलाच, सून घरी. जमीन बेताची, तीही सुनेनंच सांभाळलेली. मॅडमनी विचारलं, "नाना, तुम्ही तिथं येऊन काय करणार?" ते म्हणाले, "मला काय येत नाय. बसता येतं."

मॅडमनी त्यांना दवाखान्यातर्फे शिकवलं थोडंफार. काय बोलायचं नाही, कुठलं औषध सुचवायचं नाही, घरातलं बाहेर सांगायचं नाही. त्यांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. मग ते आमच्याबरोबर यायला लागले, ते कित्येक वर्षं आले.

आजारी माणसाच्या घरात गर्दी किती असते हे बाहेरून कळत नाही. मी गेले की शेजारीपाजारी हमखास जमतात, आणि त्यात एक तरी असा असतो की ज्याला सगळं माहीत असतं. अमक्या गावात एक जण पाला देतो, तमक्याचा भाऊ असाच होता आणि आज बैल हाकतोय, तुम्ही उगाच इंग्रजी औषधात अडकलात. खाटेवरचा माणूस हे सगळं ऐकत असतो. त्यात त्याची चूक असल्यासारखा त्याचा चेहरा होत जातो.

अशा वेळी नाना उठायचे आणि त्या बोलणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. "जरा तुमचा फणस दाखवा बघू."

"फणस?"

"येताना बघितला. कापा की बरका?"

कोकणातला माणूस या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहू शकत नाही. तो नानांना घेऊन मागच्या दारी जाई. त्याच्यामागून आणखी दोघे जात, कारण तो सांगतो ते चूक आहे असं त्यांचं म्हणणं असे. घर रिकामं होई आणि मी शांतपणे कामाला लागे. तालुक्यातली इतकी फणसाची झाडं कोणी पाहिली नसतील. एकदा गाडीत मी त्यांना विचारलं, "तुम्हाला फणसाची एवढी आवड?" तर म्हणाले, "खात नाय मी. पोटात गुबारा धरतो."

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एक जण उभा राहून सगळ्यांच्या वतीनं देवाशी मोठ्यानं बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून होकार देतात. नानांच्या घराण्याकडे गावच्या देवळात हा मान होता. ही गोष्ट हळूहळू आमच्या रुग्णांना कळली. मग घरोघरचे म्हणायला लागले, नाना, आमच्या माणसासाठी एक गाऱ्हाणं घाला.

मॅडमना हे पसंत नव्हतं. त्या म्हणाल्या, "आपण सगळ्या प्रकारच्या लोकांकडे जातो. दवाखान्याच्या गाडीतून देवधर्म नको."

नाना म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पण मी माझं काय सांगत नाय देवाला. आजारी माणूस सांगेल तेवढंच."

आणि खरंच तेवढंच. ते आधी विचारायचे, काय घालू त्याच्या कानावर? घरच्यांना वाटे, बरं कर म्हणून मागणार. पण खाटेवरून वेगळंच निघे. एकीला सुनेशी तुटलेलं बोलणं जोडायचं होतं. एकाला आपल्या म्हशीला कोणी विकू नये असं वाटत होतं. एका मास्तरांना दुखायला लागलं की आपण ओरडतो याची लाज वाटायची, ती वाटू नये एवढंच मागायचं होतं. नाना ते जसंच्या तसं मोठ्यानं म्हणत आणि घरच्यांना त्यावर "व्हय म्हाराजा" म्हणावं लागे. म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात येई की आपण कशाला होकार देतोय. मॅडमनी पुढे हा विषय काढला नाही.

खाडीकाठच्या एका मोहल्ल्यात एक जुने खलाशी होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. श्वास पुरत नसे. उशीला टेकून बसूनच असायचे. तिथं नाना काही न बोलता नुसते बसत. एकदा चाचांची बायको दुवा मागायला लागली. नानांनी टोपी घालून मान खाली घातली आणि हळूच चाचांना विचारलं, "तुमच्यात मधे काय म्हणतात?"

"आमीन म्हणतात, भाऊ."

"कुठं कुठं?"

चाचांनी बोट वर केलं की नाना "आमीन" म्हणायचे. एक-दोन ठिकाणी घाईनं आधीच म्हणाले, तेव्हा चाचा हसले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. परतताना गाडीत नाना म्हणाले, "आपल्या व्हय म्हाराजाचंच काम हाय ते. आपण एकटे नाय एवढं कळायसाठी."

आता त्या बाईबद्दल सांगते. मच्छीमारांच्या वस्तीतली होती. तिशी नुकतीच ओलांडलेली. छातीच्या गाठीपासून सुरू झालेलं दुखणं कण्यात उतरलं होतं. नवरा ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. घरात सासू. एक मुलगी होती चौथी-पाचवीतली. तिला या सगळ्यातून लांब ठेवायचं म्हणून मावशीकडे पाठवलं होतं.

नानांनी विचारलं, बसू काय. ती म्हणाली, "बसा. पण माझ्यासमोर देवाचं नाव काढू नका."

"बरं."

सासूनं आत बोलावून नानांना पुन्हा पुन्हा विनवलं. तिनं नवस बोलून ठेवले होते, गाऱ्हाणं घातल्याशिवाय तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. नाना म्हणाले, "ती नको म्हणते ना, मावशी." असं काही खेपा चाललं. ते तिच्याशी बोटींबद्दल, बाजारभावाबद्दल बोलायचे. कधी दोघंही गप्प.

एक दिवस मी तिच्या पाठीची जखम बांधत असताना तीच म्हणाली, "नाना, तुमी त्या देवाकडे काय मागता लोकांसाठी?"

"लोक सांगतात ते."

"मला काय मागायचं नाय त्याच्याकडं."

"मागू नको, बाय. भांड. गाऱ्हाणं म्हंजे तक्रारच ती."

"तुमी घालाल?"

"तू घाल. मी व्हय म्हणतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी पट्टीची गाठ मारत होते. मग छताकडे बघून ती बोलायला लागली, आधी पुटपुटत, नंतर चांगल्या आवाजात.

"माझं वय काय, आणि हे काय?"

"व्हय म्हाराजा," नाना म्हणाले.

"शिमग्याला तुझी पालखी दारात आली, तेव्हा ओटी मी भरली. एकदा चुकले नाय. त्याचं हे दिलंस?"

"व्हय म्हाराजा."

"घराला आत्ता कुठं रंग लावला. त्यात सुखानं राहू दिलं नाय."

"व्हय म्हाराजा."

"केस नेलेस. जाऊ देत. हातातली ताकद पण नेलीस. पोरीची वेणी घालायला फणी धरवत नाय मला."

सासू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, पदर तोंडाशी धरून. देवाला असा कोणी जाब विचारतंय हे तिनं आयुष्यात ऐकलं नसेल.

"आणि ह्या घरात सगळी माझ्याशी खोटं बोलतात. बरी होशील म्हणतात. मी मरणार ते मला कळत नाय काय? माझी पोरगी मावशीकडं ठेवलीय. तिला मी बघायची नाय? तशीच जायचं मी?"

नानांनी तोंड उघडलं, पण त्यांचा आवाज फुटेना. मग दारातून सासूचा आवाज आला, अगदी बारीक.

"व्हय म्हाराजा."

ती बाई मग रडली, खूप रडली. सासू तिच्या पायाशी येऊन बसली. मी माझी पेटी आवरून बाहेर आले. अशा वेळी नर्सला करण्यासारखं काही नसतं.

नवरा किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत होता. आमची गाडी तिथंच उभी होती, त्यामुळे पुढचं बोलणं माझ्या कानावर पडलं. नाना त्याच्या शेजारी वाळूत बसले. तो वर न बघताच म्हणाला, "मला माहीत हाय तुमी काय सांगणार. पोर लहान हाय, नाना. तिला काय कळणार?"

"कळलंय तिला. फोनवर आईशी बोलते काय ती?"

तो जाळ्याची गाठ आवळत राहिला. मुलगी बोलत नव्हती.

मग नाना म्हणाले, "आमची मंडळी आजारी होती तेव्हा एकदा मला म्हणाली, मला तुमाला काय सांगायचं हाय. मी म्हटलं, आता नको, बरी झालीस की सांग. तिला धीर द्यायला म्हटलं मी." ते वाळूतला एक शिंपला उचलून बघत राहिले. "काय सांगायचं होतं ते मला आजपण ठाव नाय."

एवढंच. ते उठले, धोतर झटकलं आणि गाडीत येऊन बसले. त्यांची बायको आजारी असताना मी त्या घरात कितीदा गेले होते, पण हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मुलगी घरी होती. शाळेच्या गणवेशातच आईच्या कुशीला आडवी झाली होती. आई तिला ओरडत होती, बुटांसकट अंथरुणावर चढलीस म्हणून. त्या बाईला कोणावर तरी हक्कानं ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. पावसाळ्यासाठी होड्या वर ओढायच्या आधीच ती गेली. मुलगी तेव्हा तिच्याजवळ होती. नंतर एकदा सासू बाजारात भेटली. म्हणाली, पोर रडते, पण बोलते आईबद्दल. मी ते नानांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले.

त्यानंतर बऱ्याच काळानं नानांना खोकला लागला. मग वजन उतरलं. टोपी डोक्यावर सैल झाली तशी मी मॅडमच्या कानावर घातलं. तपासण्या झाल्या. फुप्फुसात होतं आणि पसरलेलं होतं. मुलानं मुंबईला नेलं, तिथं काही महिने उपचार झाले आणि मग ते परत आले. आता मी त्यांच्याकडे नर्स म्हणून जायला लागले.

तुम्हाला वाटेल, इतक्या लोकांच्या उशाशी बसलेला माणूस शांतपणे गेला असेल. मलाही तसंच वाटलं होतं. तसं झालं नाही.

नाना घाबरले. साधं नाही, लहान पोर घाबरतं तसे घाबरले. सून विहिरीवर गेली की हाका मारत सुटत. ती न्हाणीघरात गेली तरी हाका. टीव्ही सकाळपासून मोठ्या आवाजात लावायला लावत, बातम्या, कबड्डी, काहीही, आणि बघत मात्र नसत. गावातले लोक आले की "कशाला आलात?" म्हणून त्यांना परत पाठवत. देवळातली मंडळी गाऱ्हाणं घालायला आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडले. सुनेवर खेकसत, मग तिचा हात धरून ठेवत. ती अलोरे गावची, फार बोलणारी नव्हे. मला एकदा मागच्या दारी एवढंच म्हणाली, "शिष्टर, हे असे नव्हते हो."

मॅडमनी औषध बदलून पाहिलं. थोडा फरक पडला. मला ते बघणं जड जात होतं. एक दिवस मी जवळ बसले तेव्हा तेच म्हणाले, "एवढी माणसं बघितली, शिष्टर. वाटलं होतं आपल्याला जमेल." आणि थोड्या वेळानं, "नाय जमत. भ्या वाटतं."

मी म्हटलं, "वाटतंच, नाना."

"तुमी काय बोलू नका. बीपी बघा."

मी पट्टा बांधला, फुगवला, मोजलं. "किती हाय?" "बरं आहे." त्यांनी हात मागे घेतला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "परत बघा." मी परत पाहिलं. त्यात काही अर्थ नव्हता आणि हे त्यांनाही माहीत होतं. पण पट्टा दंडावर घट्ट होई आणि माझी बोटं मनगटावर असत, तेवढा वेळ त्यांचा श्वास जरा खाली बसे. मग प्रत्येक खेपेला आम्ही तसंच केलं. एकदा पट्टा तसाच बांधलेला ठेवून मी सुनेशी कैरीची आंबोशी कशी वाळवायची ते बोलत बसले, आणि बघते तो त्यांना झोप लागलेली. सून तेव्हापासून स्वतःच त्यांचं मनगट धरून बसायला लागली.

मुलगा रजा काढून आला होता तेव्हा त्यांनी टीव्ही बंद करायला लावला आणि त्याला म्हणाले, "बस. मला काय सांगायचं हाय." आम्ही बाहेर आलो. बरीच दुपार गेली. मुलगा बाहेर आला आणि त्यानं नळावर तोंड धुतलं. बायकोनं नजरेनंच विचारलं. तो म्हणाला, "अर्धं जमिनीचं होतं. अर्धं आईचं."

त्यानंतर नाना शांत झाले असं म्हणता येणार नाही. हाका चालूच होत्या. एके सकाळी सुनेनं त्यांना भरवायला पेज आणली, त्यांनी दोन घास घेतले आणि मीठ कमी आहे म्हणून ते तिच्यावर चिडले. ती मीठ आणायला उठली तर तिला उठू देईनात. ती तशीच त्यांचा हात धरून बसून राहिली. त्यातच ते गेले. मी पोचले तेव्हा पेज तशीच होती.

गाडी आता त्यांच्याशिवाय फिरते. नंतरच्या आठवड्यात संगमेश्वरकडच्या एका शेतकऱ्याकडे गेलो. त्याला कण्याचा आजार होता आणि नाना आजारी पडण्याआधी त्याच्याकडे येऊन गेले होते. मी त्याच्या टाचेची जखम धुवायला घेतली. तो दाराकडे बघत होता.

"ते म्हातारे आजपण नाय आले? बऱ्याच दिवसांत दिसले नाय."

मी सांगितलं, ते वारले. कशानं ते सांगितलं.

त्याची बायको मला डोळ्यांनी खुणावत होती, नका सांगू म्हणून. मग त्यानं विचारलं, "त्रास झाला काय त्यांना?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, "झाला. औषधानं दुखणं कमी होतं. पण घाबरले होते. शेवटपर्यंत."

"घाबरले?" त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "ते?"

"हो. सुनेला सोडत नव्हते. तिचा हात धरूनच गेले."

मी जखमेवर मलम लावलं, पट्टी गुंडाळली, पाय उशीवर ठेवला.

"मग बरं," तो म्हणाला.

मग त्यानं बायकोला जवळ बोलावलं आणि हात पुढे केला.